पाळक कोणाचा?

फेब्रुवारीतला रविवार होता आणि शेवगाव तालुक्यातल्या एका लहान मंडळीत कापणीचा सण होता. चर्च म्हणजे दगडी भिंतींवर पत्रे, खाली सतरंज्या, कोपऱ्यात पेटी आणि तबला. वेदीपुढे ज्वारीची कणसे, मेथीच्या जुड्या, दोन लाल भोपळे, परातीत गावठी अंडी आणि पाय बांधलेली एक करडी कोंबडी. उपासना आटोपली आणि लिलाव सुरू झाला. मंडळीतल्या सगळ्यात थकलेल्या आजींनी एकच लिंबू आणले होते. ते दीडशे रुपयांना गेले. घेणाऱ्याने ते पुन्हा वेदीपुढे ठेवले आणि म्हणाला, "परत बोला." दुसऱ्या फेरीत त्याच लिंबाचे दोनशे आले. नुकतीच बी.कॉम. झालेली एक मुलगी खांबाला टेकून वहीत आकडे उतरवत होती. पाळकसाहेब मात्र लिलाव सुरू व्हायच्या आधीच मोटरसायकलला किक मारून पुढच्या गावी निघाले होते. त्यांच्याकडे अशी सात गावे होती. निघताना ते एवढेच म्हणाले, "इथे माझ्यावाचून अडत नाही, हे बरंय. पण महिन्यातून एकदाच येतो, हे बरं नाही."

त्या वाक्यात मला मराठी मंडळीचा दोनशे वर्षांचा प्रश्न दिसला. वाढत्या मंडळीला पाळक लागतो. पण तो कोणाचा? त्याला पगार देणाऱ्या मिशनचा किंवा धर्मप्रांताचा, की त्याच्याकडून मुलांचे बाप्तिस्मे आणि म्हाताऱ्यांची माती करून घेणाऱ्या माणसांचा? मंडळीचे नेतृत्व, तिची सेवा आणि तिचा पैसा हे तीन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे तीन पदर आहेत. माणसे आपला पाळक स्वतः पोसू लागली की त्याला प्रश्न विचारू लागतात, त्याच्या मुलांच्या फीची काळजी करू लागतात आणि तो आजारी पडला तर उपासना स्वतः चालवतात. पैसा लांबून आला की हे सगळे लांब जाते.

मराठी ख्रिस्ती लोकांनी 'चर्च'साठी 'मंडळी' हा शब्द धरला, तो फार नेमका आहे. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, माणसे. त्यामुळे मंडळी वाढली म्हणजे काय झाले, हे विचारावेच लागते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याला थोडे कमी. गोव्यात हेच प्रमाण सुमारे २५ टक्के. आकडा एवढेच सांगतो. नगर जिल्ह्यातले कुटुंब कामासाठी पिंपरी-चिंचवडला गेले की गावची मंडळी एका घराने घटते आणि शहरातली एका घराने वाढते. एका पंथाचे लोक दुसऱ्या फेलोशिपमध्ये गेले की तिकडे वाढ दिसते आणि इकडे रिकामे बाक. खरी वाढ मोजायची तर मी वेगळ्या गोष्टी बघेन: आजारी माणसाकडे पाळकाशिवाय आणखी कोण जाते, शब्बाथ शाळा कोण घेते, पाळकाची बदली झाल्यावर तीन महिने काय होते.

शास्त्रात हा प्रश्न फार लवकर येतो. निर्गमात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो आणि त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो की तू थकशील आणि हे लोकही थकतील; हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसे नेम. प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमेतली मंडळी वाढली तेव्हा पहिली कुरबुर उठली ती शिकवणीवरून नव्हे, वाढपावरून: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते, अशी. तेव्हा सात माणसे निवडली गेली आणि ती लोकांनी निवडली. पौल राहुट्या शिवून पोट भरत असे, पण त्याच पौलाने करिंथकरांना लिहिताना सुवार्तेची सेवा करणाऱ्याचा उदरनिर्वाहाचा हक्क ठासून मांडला. तो हक्क त्याने स्वतः घेतला नाही, एवढेच. गावोगावच्या मंडळ्यांच्या पंचांनी पौलाच्या या म्हणण्याचा पहिला भागही वाचावा. बहुतेक वेळा दुसराच वाचला जातो.

गोव्यात प्रश्न पैशाआधी माणसांचा होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापले गेले, म्हणजे मंडळीच्या तोंडी मराठी वाणी लवकर आली. अधिकार मात्र आला नाही. गोव्याचे मातेउस दे कास्त्रो यांना त्यांच्याच भूमीत पुढे जाऊ दिले गेले नाही. रोमला जाऊन ते पुरोहित झाले आणि १६३७ मध्ये बिशप. परतल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. १७८७ च्या पिंटोंच्या बंडात गोवेकर पुरोहित पुढे होते आणि वरच्या जागा आपल्याला मिळत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार होती. याच गोव्याचे जोसेफ वाझ श्रीलंकेत गेले, डच अमलाखाली लपून छपून फिरत त्यांनी तिथली विखुरलेली कॅथलिक मंडळी पुन्हा उभी केली आणि २०१५ मध्ये ते संत घोषित झाले. त्यांच्यामागे कोणाही राजाचा पैसा नव्हता.

आता नगरकडे येऊ, कारण मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा प्रश्न तिथेच सगळ्यात उघडा दिसतो. अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. हॉल १८२६ मध्ये दौऱ्यावर असताना पटकीने गेले. १८३१ च्या अखेरीस मिशनची माणसे अहमदनगरला पोचली. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ होते आणि दोन वर्षांत तेही पटकीनेच वारले. १८३३ मध्ये नगरची मंडळी स्थापन झाली. सुरुवातीच्या सभासदांत धर्मशाळेतले आंधळे, पांगळे, महारोगी आणि महारवाड्यातली माणसे होती. पुढे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण तरुण आले आणि १८५४ मध्ये दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मुंबईत पाय ठेवल्यापासून एतद्देशीय पाळक उभा राहीपर्यंत मध्ये चाळीस वर्षे गेली.

ती दीक्षा त्याच सुमारास का झाली, याला एक कारण बोस्टनमध्ये होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांचे म्हणणे सरळ होते: मिशनऱ्याने मंडळी उभी करावी, तिला तिचाच पाळक द्यावा आणि पुढे जावे. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा, आपली सुवार्ता आपण सांगावी. लंडनमध्ये चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे येत होते. विचार मोठा होता. पण त्याच भेटीत इंग्रजी शाळांवर कात्री चालली, कारण अँडरसन यांना गावठी भाषेतली गावठी मंडळी हवी होती. ज्या आईबापांनी जात, वाडा, विहीर सोडून मिशनचा रस्ता धरला होता, त्यांना मुलांसाठी इंग्रजी हवी होती. कारभार तुमचा, हे लांबून ठरवले की त्यात तुमचे ऐकायचे राहून जाते. आजही एखादे शिबिर 'स्वावलंबी मंडळी' असा फलक लावून भरते आणि त्यात गावच्या एकाही पंचाला बोलायला वेळ मिळत नाही, तेव्हा मला अँडरसन आठवतात.

मग दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, आणि शतक संपता संपता पाठोपाठ १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. नगर, सोलापूर, नाशिक या कोरड्या पट्ट्यात हजारो माणसे मिशनच्या दारी आली. काही भाकरीसाठी आली, काही माणसासारखे वागवले गेल्यामुळे राहिली. या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून काढता येत नाहीत आणि तोडायचा हट्टही धरू नये. मंडळ्यांच्या संख्या फुगल्या. मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली, ती याच काळात. पण गावागावांत खरा नेता होता मिशनच्या शाळेचा मास्तर. तोच आठवडाभर मुलांना धुळाक्षरे शिकवी, रविवारी उपासना घेई, पत्र लिहून देई, मामलेदाराकडे सोबत जाई. त्याचा पगार मिशनकडून येई. म्हणून गावाला वाटे की शाळा मिशनची, मास्तर मिशनचा, आणि मंडळीही मिशनचीच. मिशन 'मायबाप' झाले. मायबापाला कोणी वर्गणी देते का?

हे सगळ्यात स्पष्ट दिसले नारायण वामन टिळकांना. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरचे मिशन, १९०४ मध्ये दीक्षा, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन; मिशनच्या चौकटीत मिळण्यासारखे सगळे त्यांना मिळाले होते. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेले नियतकालिक, त्यामुळे त्या खुर्चीला वजन होते. तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला राहिले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांचे दुखणे मला असे कळते: पगारी उपदेशकाकडे लोक नोकर म्हणून पाहतात आणि नोकराच्या तोंडची वार्ता मालकाची समजली जाते. महाराष्ट्राने ज्यांना संत म्हटले त्यांच्या मागे पगार नव्हता. कोणी शिंपी, कोणी कुंभार, कोणी वाण्याचे दुकान चालवणारा. टिळक त्या परंपरेत ख्रिस्ताला उभे करू पाहत होते, आणि त्यासाठी त्यांना आधी पगारपत्रकातून नाव काढणे भाग पडले.

अर्थात हे करताना घर कसे चालले, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे आणि ते वाचल्याशिवाय कोणी त्यागाच्या गोष्टी करू नयेत. मंडळीचा नेता जेव्हा सगळे देऊन टाकतो तेव्हा डबा रिकामा झाल्याचे आधी त्याच्या बायकोला कळते. आजच्या पाळकांच्या बायका शिवणकाम करतात, बालवाडीत शिकवतात, नर्सिंगच्या रात्रपाळ्या करतात, आणि रविवारी महिला मंडळही त्यांनीच घ्यावे अशी अपेक्षा असते. मंडळीच्या अंदाजपत्रकात या कामासाठी रकाना नसतो.

नगरच्या मंडळीने लोकांपर्यंत जायची आपली वाट मात्र लवकर शोधली होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी आणि त्यांच्या पिढीने ख्रिस्ती कीर्तन बसवले, अभंग आणि पदांच्या चालीवर गीते रचली. ती 'उपासना संगीता'तून आजही गायली जातात. कीर्तनाला हॉल लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. टाळ, पेटी, निरूपण करणारा एक माणूस आणि मागे धरणारे दोघे पुरतात. सेवेचा खर्च मंडळीच्या आवाक्यात ठेवणे हे नेतृत्वाचे मोठे काम आहे आणि कीर्तनाने ते सहज साधले. आजच्या तरुणांना गिटार आणि ड्रम हवे असतात, त्यात काही वाईट नाही. पण साउंड सिस्टीमसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आणि पाळकाचा थकलेला पगार एकाच महिन्यात समोर आले की कोणता आधी भरला जातो, हे मी पाहिले आहे. एका मंडळीत पाळकाचा चार महिन्यांचा पगार थकला होता आणि त्याच वर्षी नाताळच्या रोषणाईवर चांगला खर्च झाला. माझ्याच घरचे दोघे त्या कमिटीवर होते आणि मीही बोललो नाही.

इतर ठिकाणी काय झाले, ते थोडक्यात. कोरियात १८९० मध्ये चीनमधले अनुभवी मिशनरी जॉन नेव्हियस यांना सल्ल्यासाठी बोलावले गेले. त्यांनी सांगितले की नवख्रिस्ती माणूस आपल्या धंद्यात राहू द्या, लोक स्वतः बांधतील तेवढेच चर्च बांधा, ते पोसतील तेवढेच सेवक ठेवा, आणि शास्त्राचे वर्ग सगळ्यांसाठी चालवा. तिथली मंडळी त्या पायावर वाढली. मिझोराममध्ये बायका रोज चुलीवर तांदूळ चढवताना एक मूठ बाजूला काढतात. ती मंडळीला जाते आणि त्या मुठींवर सेवक दूरच्या राज्यांत पाठवले जातात. आपल्याकडे ज्वारी-बाजरीच्या मुठीची चाल काही मंडळ्यांत होती, पण रोख पगाराच्या काळात ती मागे पडली. मला ती पद्धत फार मोलाची वाटते, कारण तिच्यात सगळ्यात गरीब घरही देणारे घर असते. दशांशाची गोष्ट नोकरदाराला सोपी, रोजंदारीच्या बाईला अवघड. मूठ तिला जमते.

मराठी मुलखात स्वावलंबनाचा सगळ्यात मोठा प्रयोग एका बाईने केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाला १८८७-८८ मध्ये अमेरिकेत उभ्या राहिलेल्या असोसिएशनची मदत होती. पुढे केडगावला त्यांची 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली ती दुष्काळातल्या मुलींसाठी, आणि १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार मुली-बायका होत्या. एवढ्यांचे काय करायचे? रमाबाईंनी विहिरी खणल्या, शेती लावली, माग घातले, गाईगुरे सांभाळली आणि छापखाना चालवला. बाहेरून देणग्या येतच राहिल्या, हे खरेच आहे. तरी मुक्तीतली बाई फक्त घेणारी राहिली नाही. अंध मुलीसुद्धा ब्रेल शिकून इतरांना शिकवत. १९०५ मध्ये तिथे जे आत्मिक जागरण झाले त्याची चर्चा जगभर झाली, पण जागरणानंतर सोमवारी पाणी कोणी शेंदले, धान्य कोणी दळले, याची व्यवस्था आधीच लागलेली होती. मोठ्या सभा घेणाऱ्या नेत्यांनी हे शिकण्यासारखे आहे.

बायकांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मराठी मंडळीची सेवा घरोघर नेली ती बायबल वुमन म्हणून काम करणाऱ्या बायकांनी. परपुरुषाला ज्या माजघरात प्रवेश नव्हता तिथे त्या ओटीवर बसून गोष्ट सांगत, अक्षरे गिरवून घेत, तापातल्या पोराला औषध देत. पाळकांची छायाचित्रे चर्चच्या भिंतींवर लागली, या बायकांची नावे जुन्या अहवालांत अर्ध्या ओळीत आहेत. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये पुष्पा ललिता बिशप झाल्या. उत्तरेकडच्या चर्चमध्येही बायकांना दीक्षा मिळते. तरी आपल्या अनेक पास्टोरेट कमिट्यांत बायका 'महिला प्रतिनिधी' म्हणूनच येतात. शेवगावच्या त्या वहीवाल्या मुलीला मी विचारले, तू कमिटीवर आहेस का? ती म्हणाली, "नाही, मी फक्त हिशेब लिहिते."

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन आणि काँग्रेगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, असा हा संगम. मराठी मातीवर घडलेली ही मोठी घटना आणि मला तिचा अभिमान आहे. एकाच गावात दोन मिशनांच्या दोन मंडळ्या, एकमेकींकडे प्रभुभोजनाला न जाणाऱ्या, हे संपायलाच हवे होते. पण नगरकडच्या माणसाला यात एक गोष्ट बदललेली जाणवते. काँग्रेगेशनल रिवाजात मंडळी आपला पाळक स्वतः बोलावत असे. आता पाळकाची नेमणूक आणि बदली धर्मप्रांत करतो. याचा फायदा लहान गावांना होतो, कारण मोठी शहरी मंडळी धर्मप्रांताला भरत असलेल्या असेसमेंटमधून, म्हणजे ठरलेल्या वर्गणीतून, छोट्या गावच्या पाळकाचा पगार निघतो. तोटा असा की पैसा एकदा वर गेला की तो आपला राहत नाही, आणि पाळक आपला आहे की बिशपांचा, हा जुनाच प्रश्न नव्या कपड्यात येतो. माझ्या मते बदली हवी, पण ती मंडळीशी बोलून हवी. मुलांच्या परीक्षांच्या मध्यात आलेला बदलीचा कागद कोणाच्याही आत्मिक वाढीचा असत नाही.

मिशने गेली, तेव्हा शाळा, दवाखाने, बंगले, मोकळ्या जागा मागे राहिल्या. त्या सांभाळायला बिशप आणि कमिट्यांचा किती वेळ जातो, हे कोर्टाच्या वाऱ्या करणाऱ्यांना विचारा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे; विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, दरवर्षी हिशेबतपासणी, जागा विकायची तर आधी परवानगी. विदेशी देणगीचा कायदा २०२० मध्ये आणखी घट्ट झाला: पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेतच यावा, तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू नये, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च नसावा. अनेकांना हे संकट वाटते, आणि ज्यांची वसतिगृहे बंद पडली त्यांच्यासाठी ते आहेच. पण मंडळीच्या पाळकाचा पगार परदेशातून यावा, ही सवय कायद्याने मोडण्याआधी आपणच मोडायला हवी होती.

वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत चित्र निराळे आहे. तिथली मंडळी जुनी, शेतीवाडीची, आणि धर्मगुरू अविवाहित, त्यामुळे कुटुंबाचा खर्च नाही. १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली आहे. दहा-वीस घरांचे लघुसमूह आळीआळीत जमतात, आणि घरात मयत झाली तर सगळ्यांत आधी तेच येतात. इथ्रोचा सल्ला असाच अमलात येतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकातून आणि हरित वसईच्या चळवळीतून धर्मगुरूचे काम कंपाउंडबाहेर नेले. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मंडळीचा नेता गावाचाही माणूस असावा, याचे असे उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही.

राहिल्या मुंबई, ठाणे, पुणे आणि तालुक्यांच्या गावांतल्या स्वतंत्र फेलोशिप. त्या झपाट्याने वाढतात. शाळेचा वर्ग भाड्याने, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, आणि एक पास्टर, जो बहुधा आधी दुसरे काही काम करत होता. जुन्या मंडळ्यांत त्यांच्याविषयी नाराजी असते. मला त्यांच्या पास्टरांचे एक काम खरे वाटते: ते भेटतात. मंगळवारी घरी येतात, उपासप्रार्थनेला बोलावतात, दारू सोडलेल्या माणसाला रोज फोन करतात. आमच्या जुन्या मंडळ्यांनी ही गृहभेट हरवली म्हणून माणसे तिकडे गेली. पण तिथे बऱ्याचदा पास्टरच खजिनदार असतो, कमिटी नसते, आणि पुढे मुलगा गादीवर बसतो. जिथे हिशेब कोणी विचारू शकत नाही तिथे नेत्याला मोहापासून वाचवणाराही कोणी नसतो. तो भला माणूस असला तर त्याच्यासाठी हे जास्तच धोक्याचे, कारण चूक झाल्याचे त्याला शेवटी कळते.

शिक्षणाची सोय आज नाही असे नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ पासून पुण्यात आहे. देशभरातले विद्यार्थी तिथे येतात. पण पदवी घेऊन बाहेर पडलेला तरुण शेवगावसारख्या सात गावांच्या पास्टोरेटला जायला तयार नसतो, आणि गेला तर त्याला मराठीत कीर्तन, हिशेब, तलाठ्याकडचे काम, व्यसनी माणसाशी बोलणे, यातले काही शिकवलेले नसते. माझी सूचना साधी आहे. दर गावात दोन माणसे, त्यातली एक बाई, आपापले काम करत राहून उपासना घ्यायला, दुखणाईत भेटायला आणि वही ठेवायला तयार करावीत. पाळकाने महिन्याच्या भेटीत त्यांना शिकवावे. पाळकाच्या नावे निवृत्तीनंतरच्या घरासाठी पुंजी पहिल्या वर्षापासून टाकावी, कारण आयुष्यभर मंडळीच्या बंगल्यात राहिलेला माणूस पासष्टीला भाड्याची खोली शोधत फिरतो, हे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

आणि आपल्या मागे कोण, याचीही व्यवस्था हवी. पौलाने तीमथ्याला आधी प्रवासात सोबत घेतले आणि मग मंडळी सोपवली. टिळकांचा 'देवाचा दरबार' १९१९ च्या मे महिन्यात ते गेल्यावर फार टिकला नाही. तो त्यांच्याभोवतीच उभा होता. रमाबाईंनी आपली मुलगी मनोरमा हिला वर्षानुवर्षे तयार केले, तर ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीने केलेले मराठी बायबल पूर्ण छापून व्हायचे होते. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली-बायका होत्या, ज्यांतल्या कित्येकींना दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणले होते. त्यांनी काम चालू ठेवले आणि १९२४ मध्ये ते बायबल बाहेर आले. तिकडे टिळकांचे 'ख्रिस्तायन' मोजक्या अध्यायांवर थांबले होते. उरलेला मोठा भाग लिहिला लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्न झाले तेव्हा धड लिहिता-वाचताही येत नव्हते.